जादूचा खेळ कधी थांबवावा?

(इस्लापूर येथे प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



परवा आपल्या वर्गात एक गोष्ट निघाली. शाळेतल्या मुलांसाठी जादूचा खेळ ठेवायचा आहे. जादूगाराशी बोलणे झाले आहे. पैसेही ठरले आहेत. जादूगार म्हणतो, पाऊण तास खेळ करीन. त्यावर मागून कोणीतरी म्हणाले, "एवढे पैसे घेऊन पाऊणच तास? दोन तास तरी दाखवायला पायजे की!" बऱ्याच जणांनी माना हलवल्या. मला तेव्हाच बोलायचे होते. पण वर्गाची वेळ संपली होती, म्हणून गप्प बसलो. आज बोलतो.

कापड आपण मीटरवर घेतो. ज्वारी किलोवर घेतो. पैसे दिले की माल मोजून घ्यावा, यात चूक काही नाही. पण लेकरांचा खेळ असा मोजता येत नाही. तो किती वेळ चालला, हे मोठी माणसे बघतात. तो कुठे थांबला, हे लेकरू घरी घेऊन जाते. मी ही गोष्ट पुस्तकात वाचून शिकलो नाही. चूक करून शिकलो. ती चूक आज तुम्हांला सांगतो.

गोष्ट १९९३ सालची आहे. मी तेव्हा एका लहान शाळेत होतो. दोन शिक्षकांची शाळा. दोघांत जो वयाने मोठा तो हेडमास्तर. असा मी हेडमास्तर होतो. गावाचे नाव सांगत नाही. आपल्याच भागातले, पैनगंगेच्या अंगाला असलेले गाव, एवढे पुरे.

जानेवारी महिना होता. शाळेचे संमेलन होते. एक जादूगार गावोगाव शाळांतून खेळ करीत फिरत होता. तेव्हा आपल्याकडे छोट्या रुळांची गाडी होती. त्या गाडीने तो मुदखेडकडून आला. भोकरला खेळ, हिमायतनगरला खेळ, असे करीत पुढे सरकत होता. साठीचा माणूस. अंगावर जुना काळा कोट. लोक त्याला उस्ताद म्हणत. बरोबर त्याची दहा वर्षांची नात होती. एक मोठी ट्रंक, एक रंगवलेली लाकडी पेटी आणि पितळेचा एक लोटा, एवढे सामान.

त्या लोट्याची गंमत आधी सांगितली पाहिजे. पुढच्या गोष्टीत त्याचे काम आहे.

खेळ सुरू करताना उस्तादाने लोट्यातले पाणी बादलीत ओतले. लोटा पालथा करून दाखवला. थेंब पडेना. मग तो बाजूला ठेवून दिला. दोरी कापून जोडण्याचा खेळ केला. तो झाल्यावर पुन्हा लोटा उचलला, तर त्यातून पुन्हा पाणी! मुले ओरडली. पुन्हा लोटा रिकामा केला. मग कागद फाडून अख्खा करण्याचा खेळ. मग पुन्हा लोट्यात पाणी. हा खेळ आपल्या देशात फार जुना आहे. परदेशचे जादूगारही तो करतात, आणि त्याला हिंदुस्थानचे पाणी अशा अर्थाचे नाव देतात. त्यात मंत्र नाही, तंत्र नाही. लोट्याची घडणच तशी असते. कशी, ते मी सांगणार नाही. ज्याचे पोट त्यावर आहे, त्याचे गुपित आपण का फोडावे?

पण उस्ताद त्या लोट्याचा आणखी एक उपयोग करीत होता. तो लोटा म्हणजे त्याचे घड्याळ होते. सुरुवातीलाच त्याने मुलांना सांगितले होते, "सात वेळा पाणी येईल. सातव्यांदा आटेल. आटले की आपण घरी." त्यामुळे मुले मोजीत होती. चार झाले. पाच झाले. सहाव्या वेळेला सगळी मुले एका सुरात "सहा!" म्हणाली. सातव्यांदा त्याने लोटा उलटा केला. एकच थेंब पडला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. काही मुले आपणहून उठून सतरंजी झटकू लागली. खेळ संपला होता. बरोबर पाऊण तास झाला होता. लेकरे खूष होती.

तिथे मी मध्ये पडलो.

झाले असे की, संमेलनाला एक मोठे पाहुणे यायचे होते. त्यांची जीप आली नव्हती. मुले पांगली तर पाहुण्यांपुढे रिकामे पटांगण दिसणार. मी ओट्यावर गेलो आणि उस्तादाच्या कानात म्हणालो, "अजून थोडे ताणा."

तो म्हणाला, "गुरुजी, लोटा आटला."

मी म्हणालो, "मग ती पेटी काढा."

तो म्हणाला, "पेटी मोठ्यांसाठी हाय. बाजारात रातच्याला करतो मी. समोर बारकी पोरं बसलीत."

मी म्हणालो, "काही होत नाही. काढा."

माणूस पोटासाठी फिरणारा. पैसे माझ्या हातून मिळायचे होते. त्याने पेटी काढली. नात पेटीत बसली. झाकण लागले. त्याने एकेक तलवार पेटीत आरपार घातली. सहा तलवारी. पहिल्या तलवारीला मुले हसली. तिसरीला गप्प झाली. शेवटी पेटीवर लाल कापड टाकले आणि तो मंत्र म्हटल्यासारखे काहीतरी पुटपुटू लागला. इतक्यात वाटेवर जीपचा भोंगा वाजला.

मी उठून उभा राहिलो. "थांबा, थांबा! पाहुणे आले!" असे ओरडलो. सगळ्यांना उभे केले. पेटी ओट्याच्या कडेला सरकवली. मग हारतुरे, प्रास्ताविक, सत्कार, भाषण, दुसरे भाषण, आभार. दिवस मावळून गेला. वाड्या-तांड्यांवरची लेकरे अंधारात घरी निघाली. पेटी कोणी उघडून दाखवलीच नाही. पोरगी कधीच मागच्या बाजूने निघून गेली होती आणि आडोशाला बसून भाकर खात होती. पण हे मला माहीत, उस्तादाला माहीत. लेकरांनी काय पाहिले? एक पोरगी पेटीत गेली. तलवारी घातल्या. वर लाल कापड टाकले. पुढे काही नाही.

मला त्या दिवशी यात काही वावगे वाटले नाही, हे खरे सांगतो. पाहुणे खूष होऊन गेले, म्हणून मीही खूष होतो.

पुढे तीन दिवस पहिलीतला एक मुलगा शाळेत आला नाही. अर्ध्या कोसावरच्या तांड्यावरचा मुलगा. एक दिवस न चुकवणारा. चौथ्या दिवशी मी तांड्यावर गेलो. त्याची आजी अंगणात बसली होती. तिने मला बसायला घोंगडी टाकली आणि म्हणाली, "रातीला दचकून उठायलंय, गुरुजी. अंगात ताप हाय. पोरगी पेटीतच हाय म्हणायलंय. तुमी तिला बाहीर काढली का न्हाई?"

बंधूंनो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणजे, उत्तर होते. "अहो आजी, ते खोटे असते, हातचलाखी असते," असे मी म्हणालो. पण आजीला ते पटवून काय उपयोग? मुलगा भिंतीकडे तोंड करून निजला होता. तो मला पाहून उठला नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आपला मुलूख सरहद्दीचा. १९५६ सालापर्यंत हे इस्लापूर सर्कल आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ तालुक्यात होते. त्या साली राज्यांची फेररचना झाली, आणि आपले सर्कल व किनवट तालुका मराठी मुलखात आले. त्यामुळे आपल्या एकाच शाळेत मराठी बोलणारी मुले असतात, तेलुगू बोलणारी असतात, गोंडी बोलणारी असतात, तांड्यावरची बंजारा बोली बोलणारी असतात. पहिलीतल्या लेकराला शाळेची मराठी अजून नीट कळत नाही. उस्तादाने खेळाच्या आधी सांगितले होते, "हा खेळ आहे, खरे काही नाही." ते वाक्य त्या लेकरापर्यंत पोचलेच नव्हते. त्याला फक्त डोळ्यांनी दिसलेले कळले. दोरी कापली, ती जुळलेली दिसली. कागद फाटला, तो अख्खा दिसला. पोरगी मात्र दिसली नाही. जादूच्या खेळात शेवट तोंडाने सांगून भागत नाही. तो लेकराला दिसावा लागतो.

मी दुसऱ्या दिवशी गाडीत बसून किनवटला गेलो. उस्ताद तिथे एका शाळेत खेळ करीत होता. खेळ संपेपर्यंत मी मागे उभा राहिलो. मग त्याला सगळे सांगितले. मला वाटले, तो म्हणेल, तुम्हीच ताणायला लावले, आता मी काय करू? असे म्हणायचा त्याला हक्क होता. तो तसे म्हणाला नाही. रविवारी नातीला घेऊन आला. सोबत पेटी आणली. गाडीभाडे द्यायला लागलो, तर एकाच बाजूचे घेतले.

आम्ही तांड्यावर गेलो. उस्तादाने पेटी अंगणात मांडली. नात पेटीत बसली नाही. ती सरळ त्या मुलापाशी गेली आणि त्याच्यापुढे उभी राहिली. मुलाने तिच्याकडे पाहिले. मग हात पुढे करून तिच्या दंडाला बोट लावले. मग आजीकडे वळून त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाला. आजी हसली. मला म्हणाली, "खरीच हाय का, इचारतो." थोड्या वेळाने दोघे पेटीत आळीपाळीने बसू लागली. तांड्यावरची आणखी दहा-बारा लेकरे जमली. प्रत्येकाने पेटीत डोके घालून पाहिले. संमेलनातला खेळ खरा संपला तो तेव्हा. आठ दिवस उशिरा.

त्या दिवशी चहा पिताना उस्ताद जे बोलला, ते मी पुढे पंचवीस वर्षे शाळेत वापरले. नुसते जादूच्या खेळाला नव्हे. गोष्ट सांगायची असो, कवायत असो, सहल असो. मी त्याला विचारले होते, "उस्ताद, खेळ कुठे थांबवायचा हे तुम्हांला कसे कळते?"

तो म्हणाला, "पुढच्या रांगेकडं बघू नका, गुरुजी. पुढची पोरं शेवटपर्यंत बघतात. मागची रांग बघा."

आणि खरेच आहे. पुढे बसलेल्या लेकराला सगळे दिसते, जादूगाराचा हात दिसतो, त्याचे मन लागलेले असते. कंटाळा मागून येतो. मागच्या रांगेत एक मुलगा काडीने माती उकरू लागतो. दुसरा चप्पल काढून पुन्हा घालतो. तिसरा शेजाऱ्याची टोपी ओढतो. एकाला तहान लागते. एक उठला की त्याच्यामागे दहा उठतात. पहिला मुलगा माती उकरू लागला, की जादूगाराने ओळखावे, आता जे काढायचे राहिले असेल त्यातला सर्वांत चांगला खेळ काढायचा आणि बंद करायचे. मधले चार खेळ सोडून द्यायचे. कोणाला कळतही नाही. कोणते खेळ राहिले हे जादूगाराशिवाय कोणाला माहीत असते?

हसण्याचेही तसेच. सगळे पटांगण हसते तोवर ठीक. हसू फक्त पुढून येऊ लागले, की समजावे.

दुसरी गोष्ट त्याने सांगितली ती मला आधी उलटी वाटली. तो म्हणाला, "पोरं 'आणखी एक, आणखी एक' म्हणाली की उठावं." मी म्हणालो, "अहो, त्यांना पाहिजे म्हणून तर ती म्हणतात!" तो म्हणाला, "भूक आहे तोवर ताटावरून उठलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी आईला तेच मागतं. पोट फुटेस्तोवर खाल्लेलं मागत नाही." यात त्याचा धंदाही होताच. पुढल्या वर्षी त्याला त्याच शाळेत यायचे असे. पण धंद्याचे आणि लेकरांचे हित इथे एकाच वाटेने जाते. असे फार थोड्या धंद्यांत होते.

आपल्याकडे जुन्या संगीत नाटकांत वन्समोअरची चाल होती. पद आवडले की लोक वन्समोअर म्हणत आणि नट ते पुन्हा गात. नाटके पहाटेपर्यंत चालत. आपल्याकडे दिवाळीत गोंड आणि कोलाम लोकांची दंडार रात्र रात्र चालते. त्यात काही वाईट नाही. लेकरू आईच्या मांडीवर निजते, मध्येच जागे होते, ढोल ऐकते, पुन्हा निजते. दंडार त्याच्यावाचून अडत नाही. जादूचे तसे नाही. जादूगाराच्या हाताकडे लेकराने डोळे लावून बसले पाहिजे. डोळा चुकला की जादू गेली. डोळे लावून बसणे हे लेकराला कष्टाचे काम आहे. माझ्या अनुभवाने सांगतो, पहिली-दुसरीचे लेकरू अर्धा तास असे बसते. चौथीच्या पुढचे पाऊण तास. फार तर तास. त्यापुढे तुम्ही खेळ दाखवीत नाही, लेकरांना बसवून ठेवता.

तिसरी गोष्ट. खेळ फसला तर त्या फसलेल्या खेळावर थांबू नये. नाणे हातातून पडले, पत्ता चुकला, मुले हसली, असे होते. तिथेच आवरते घेतले तर मुले जादूगाराची फजिती घेऊन घरी जातात. एक सोपा, हमखास जमणारा खेळ करावा आणि मग थांबावे. आणि एखादे लेकरू रडू लागले, तर मात्र घड्याळ बघू नये, रांग बघू नये. चालू खेळ तिथेच उघडावा. पेटी असेल तर झाकण काढावे. त्या लेकराला जवळ बोलावून दाखवावे. गुपित फुटले तर फुटू द्यावे. उस्तादासारखा पोटार्थी माणूसही हे म्हणाला.

आता थोडे दूर जाऊ. माझ्या शाळेत झाले तसेच एकदा लंडनमध्ये झाले होते. मला हे फार उशिरा वाचायला मिळाले.

पी. सी. सरकार हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकले असेल. प्रतुलचंद्र सरकार हे बंगालचे मोठे जादूगार. १९१३ सालचा जन्म. साऱ्या जगात त्यांनी खेळ केले आणि १९७१ साली जपानच्या दौऱ्यावर असतानाच वारले. ९ एप्रिल १९५६ रोजी लंडनमध्ये बीबीसीच्या टीव्हीवर त्यांचा खेळ दाखवला. एका सतरा वर्षांच्या मुलीला त्यांनी मेजावर निजवले. लाकडाच्या वखारीत असते तशी विजेवर फिरणारी गोल करवत तिच्या अंगातून चालवली. मग तिला हाका मारल्या. ती उठेना. इतक्यात कार्यक्रम सांगणारे डिंबलबी नावाचे गृहस्थ पुढे आले आणि कार्यक्रम संपला म्हणून त्यांनी निरोप घेतला. पडद्यावर नावे येऊ लागली. मुलगी तशीच पडलेली!

घराघरांत लोक घाबरले. मुलगी मेली असे त्यांना वाटले. बीबीसीचे टेलिफोन वाजत राहिले. मुलगी ठीक आहे, असे सांगावे लागले. सरकारांचा खेळ वेळेबाहेर गेला म्हणून मध्येच तोडावा लागला, असे बीबीसीने सांगितले. पण सरकार वेळेचे पक्के माणूस होते. त्यांनी हे मुद्दाम घडवले, असे पुष्कळ लोक मानतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मोठमोठी अक्षरे छापून आली. लंडनच्या थिएटरात त्यांचे खेळ व्हायचे होते, त्यांची सगळी तिकिटे खपली.

मोठ्या माणसांपुढे ही युक्ती चालली. मोठा माणूस टेलिफोन करतो, वर्तमानपत्र वाचतो, तिकीट काढून थिएटरात जातो आणि मुलगी जिवंत पाहून येतो. तांड्यावरच्या सहा वर्षांच्या मुलाने कुठे टेलिफोन करायचा?

आपल्या जत्रेतले गारुडीही अर्ध्यावर थांबण्याची युक्ती करतात. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तुम्ही पाहिले असेल. जमुऱ्याला चादरीखाली निजवतात. सुरी काढतात. लाल पाणी दिसते. आणि नेमके तिथेच गारुडी थांबतो आणि वाटी फिरवतो. "पैसा टाकल्याशिवाय जो जाईल त्याचे वाईट होईल," असेही काही जण म्हणतात. त्याच्या पोटाचा प्रश्न आहे, मी त्याला नावे ठेवीत नाही. तरीपण बायांनो, लेकरू कडेवर असेल तर तिथून अर्ध्यातच उठू नका. दोन रुपये टाका आणि जमुरा उठून बसेपर्यंत थांबा. लेकराला जमुरा उठलेला दाखवा, मग पुढे चला.

शहरातल्या थिएटरांत हे सोपे असते. पुण्याचे जादूगार रघुवीर भोपळे आपल्या महाराष्ट्रात फार नावाजले. देशोदेशी त्यांनी प्रयोग केले. १९८४ साली ते वारले. मग मुलगा विजय, पुढे नातू जितेंद्र, अशा तीन पिढ्या त्या घराने जादू दाखवली. अशा मोठ्या प्रयोगाला तिकीट असते, ठरलेली वेळ असते, आणि मुख्य म्हणजे पडदा असतो. पडदा पडला की दोन वर्षांच्या पोरालाही कळते, संपले. आपल्या शाळेच्या ओट्याला पडदा नाही. तिथे पडद्याचे काम कोणीतरी माणसाने करायला पाहिजे. उस्तादाचा लोटा हा त्याचा पडदाच होता. मी तो पडल्यावर पुन्हा उचलला.

आणखी एक बाब सांगतो. ती थोडी वेगळी आहे, पण याच गावाची आहे. जादूगार खेळ संपवतो, नमस्कार करतो आणि सांगतो की ही हातचलाखी होती. तुमच्या-माझ्याकडून ठरलेले पैसे घेऊन तो गाडीत बसतो. बुवा काय करतो? तोही हातातून अंगारा काढतो. तोही नारळातून केस काढतो. चलाखी तीच. पण तो "खेळ संपला" असे कधीच म्हणत नाही. पुढच्या अमावास्येला या म्हणतो. मग कोंबडे आणा म्हणतो. मग दागिना आणा म्हणतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली. तिचे कार्यकर्ते गावोगाव हेच चमत्कार करून दाखवीत आणि मग ते कसे केले ते समजावून सांगत. दाभोलकरांचा २०१३ सालच्या ऑगस्ट महिन्यात पुण्यात खून झाला. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. लेकरांना लहानपणी जादूचा खेळ नीट संपलेला पाहू द्या. मोठेपणी न संपणारा खेळ दिसला, की ती निदान विचारतील तरी.

तो तांड्यावरचा मुलगा त्या रविवारनंतर दुसऱ्याच दिवशी शाळेत आला. पुढे चौथी पास होऊन गेला. मध्यंतरी सहस्रकुंडच्या रस्त्यावर मला भेटला. आता त्याची स्वतःची लेकरे शाळेत आहेत. मी त्याला विचारले, "ती पेटी आठवते का रे?" तो म्हणाला, "पेटी कशी इसरीन, गुरुजी? मी बसलो होतो की तिच्यात." ताप आठवत नाही, म्हणाला. मला मात्र अजून आठवतो.

आता आपल्या खेळाचे बोलू. दोन तासांचा हट्ट सोडून द्या. जादूगार पाऊण तास म्हणतो, तो धंद्यातला माणूस आहे, त्याचे ऐका. शनिवारी सकाळची शाळा असते. खेळ साडेनऊला सुरू करावा, म्हणजे उन्हाच्या आत लेकरे घरी जातील. पहिली-दुसरीची मुले पुढे बसवा, पण ओट्याला अगदी चिकटून नको. सुऱ्या, तलवारी, करवत, यातले काही आहे का, ते आधी विचारून घ्या. असेल तर नको म्हणा. तेवढे पैसे कमी करू नका. नाहीतर तो पुढल्या गावात दुप्पट सुऱ्या काढील.

पाहुण्यांचे हारतुरे खेळाच्या आधी उरकायचे. आधी आले नाहीत तर राहू द्यायचे. आणि खेळ चालू असताना एक माणूस मागच्या भिंतीशी उभा पाहिजे. त्याने जादूगाराकडे बघायचे नाही, मागच्या रांगेतल्या लेकरांकडे बघायचे. मी अंगणवाडीताईंना विचारले आहे. लहान लेकरांचे तोंड त्यांच्याइतके कोणाला कळते? त्या तयार आहेत. जादूगारालाही तसा निरोप दिला आहे. ताईंनी हात वर केला, की त्याने शेवटचा खेळ काढायचा. मग घड्याळात काहीही वाजलेले असो, आणि सरपंचांची गाडी वेशीपाशी आलेली असो की नसो.